शेवटची बांगडी उतरवण्याआधी

रविवार पेठ, पुणे
शुक्रवार, दुपार

प्रिय रज्जाक,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. चौथीच्या बाईंनी शिकवलं होतं, वर गाव आणि वार, मग प्रिय किंवा तीर्थरूप. त्याच्या पुढचं शिकवायच्या आत माझी शाळा सुटली, तेव्हा पुढचं मी माझ्या पद्धतीने लिहिणार. फोन का केला नाहीस म्हणून विचारशील. केला होता. दर वेळी तू ‘अम्मी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणालास आणि ठेवून दिलास. तुम्ही खराडीत नुसतं बसून बोलण्याचे पगार घेता, पण आईशी बोलायला वेळ नसतो, हे मला आता पाठ झालं आहे. कागदाला ‘मीटिंगमध्ये आहे’ सांगता येत नाही. तो टेबलावर पडून राहील, आणि तू नाही वाचलास तर शाहीन वाचेल. वाचू दे. सुनेपासून लपवण्यासारखं यात फारसं काही नाही. एके ठिकाणी आहे, तिथे मी जपून लिहीन.

ईदच्या दिवशी तुझ्या घरी जे झालं ते आधी लिहिते, म्हणजे मागून ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ ही सोय उरायची नाही. शीरखुर्मा वाढून झाला होता. नसीमने हळूच सांगितलं की आर्किटेक्चरच्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं आहे. बाप म्हणून तू निदान तोंड गोड करायला हवं होतंस, वाटी तर समोरच होती. तू चमचा खाली ठेवलास आणि भाषण सुरू केलंस. पोरीच्या कॉलेजचा एक रुपया भरणार नाही. अठरा वर्षं सांभाळली, आता तिने स्वतःच्या पायावर उभं राहावं. तुझ्या अमेरिकेतल्या साहेबाची मुलं म्हणे हॉटेलात कपबशा विसळून शिकली आणि आज बापाला बरोबरीने वागवतात. सगळे गप्प बसले. तुला वाटलं, पटलं सगळ्यांना. अरे, लोक खात होते.

त्या साहेबाच्या मुलांचं कौतुक मला सांगत जाऊ नकोस. नसीमने उद्या लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या हॉटेलात कपबशा विसळायला घेतल्या, तर खानदानाची इज्जत गेली म्हणून पहिला तूच गाडी काढशील. त्या साहेबाने मुलांना कामाला जाऊ दिलं, कुणाशी बोलतात ते विचारलं नाही, रात्री कधी येतात ते विचारलं नाही. तू देशील तेवढी मोकळीक? तुला अमेरिका अर्धीच हवी आहे, खिशाला बरी पडते ती. आणि कर्ज काढ म्हणालास ना तिला? पोरगी गेली बँकेत, एकटी. तिथल्या माणसाने विचारलं, वडील हयात आहेत का? ती हो म्हणाली. मग त्यांची सही आणा म्हणाला. ती कागद घेऊन तुझ्याकडे आली, तर तू म्हणालास, मी सही केली की मीच अडकलो, मग ते स्वतःच्या पायावर कसलं? म्हणजे स्वतः भरायचं नाही आणि तिलाही भरू द्यायचं नाही. बाप जिवंत असणं हाच त्या पोरीच्या अर्जातला दोष ठरला, रज्जाक. हे वाक्य लागलं असेल तर लागू दे. लागावं म्हणूनच लिहिलं.

आता पुढची बातमी. तुझी मुलगी माझ्या दुकानात बसते. तू शाहीनला विचारलंस तेव्हा तिने ‘दादीकडे राहायला गेली आहे’ एवढंच सांगितलं असेल, कारण तुझ्या घरात खरं बोलायला लोक घाबरतात आणि त्याला तू शांतता म्हणतोस. तू सही नाकारलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाची फळी उघडते तर ही पायरीवर. खांद्याला पिशवी, हातात डबा. म्हणाली, दादी, मला कामाला ठेव, फीचे पैसे मी मिळवणार. मी म्हटलं, बांगड्या विकून आर्किटेक्ट झालेली मला एक दाखव. तिने केरसुणी घेतली आणि झाडायला लागली. कोपरे तसेच ठेवून.

तिचं काम कसं आहे ते सांगते. वाईट आहे. अगदी वाईट. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तर तुझ्या मुलीने आल्यापासून माझं दुकान फार वाढवलं आहे. हात दाबायला जाते तर गिऱ्हाइकाला लागेल म्हणून आधी हिचाच हात मागे येतो. अंगठ्याखालचं हाड दुमडून बांगडी सरकवायची असते, तिथे ही ‘सॉरी, सॉरी’ करत बसते. सॉरी म्हणून बांगडी चढत नाही. तुझ्या अब्बांचा हात तिच्यात उतरला असेल अशी मला वेडी आशा होती, तीही गेली. तुझ्यातही नव्हताच उतरला. अब्बांचा हात असा होता की बायका बोलता बोलता खाली बघायच्या तेव्हा हात भरलेला असायचा.

आणि रिकामी बसली की काय करते? बांगड्यांच्या खोक्यांची झाकणं उलटी करून त्यावर रेघा मारते. माझं दुकान काढलं तिने, वरून बघितल्यासारखं. म्हणे, दादी, तुझी बैठक चुकीच्या भिंतीला आहे, उजेड तुझ्या पाठीवर पडतो आणि गिऱ्हाइकाचा हात अंधारात राहतो. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून ती बैठक त्या भिंतीला आहे. मी तिला तसं ऐकवलं. मग ती जेवायला वर गेली तेव्हा मी गादी उचलून समोरच्या भिंतीला लावून पाहिली. आता तिथेच आहे. कमरेला बरं पडतं म्हणून हलवली असं मी तिला सांगितलं. तुझ्या खराडीच्या फ्लॅटचंही चित्र तिने काढलं आहे. त्यात स्वयंपाकघर मोठं केलं आहे आणि तुझी ती बार घालण्याची जागा, जिथे तू बार घातला नाहीस पण माणसं आली की हात फिरवून दाखवतोस, ती काढून टाकली आहे. तेवढ्यावरून मला वाटतं, पोरीला अक्कल आहे.

आता लिफ्टपाशी तू जे बोललास त्यावर येते. जेवताना केलेलं भाषण लोकांसाठी होतं, लिफ्टपाशी बोललास ते माझ्यासाठी. आवाज खाली आणून म्हणालास, अम्मी, तू माझ्यावर जे टाकलंस ते मी तिच्यावर टाकणार नाही. मी पैसे भरले की मी तुझ्यासारखा होईन. मग लिफ्ट आली आणि तू मला आत ढकलल्यासारखं केलंस. बटण कुठलं दाबायचं तेही सांगितलं नाहीस. मी दोनदा वर जाऊन आले.

वर जाता जाता विचार केला. तुझं म्हणणं खोटं नाही. तुला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा मंडईजवळचा आपला दुसरा गाळा अब्बांनी विकला. माझा विरोध होता, आणि आजही आहे. चालता गाळा होता. बसून खाल्लं असतं. एका पोराने मशीनचे कागद वाचावेत म्हणून माणूस चालता गाळा विकतो का? तुझ्या अब्बांनी, दादामियाँ मणियारांनी विकला, मला न सांगता, आणि घरी येऊन जेवायला बसले जसे काही मंडईतून मेथी आणली. त्यांच्या तोंडून त्यानंतर गाळ्याचं नाव कधी आलं नाही. तू पास झालास तेव्हा नाही, तुला नोकरी लागली तेव्हा नाही, दम्याने उठता येईना तेव्हाही नाही. ते बोलले नाहीत म्हणून मी बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर तुला वाटलं असतं कॉलेज आकाशातून पडतं. तू मस्कतला जायचं म्हणालास, मी गाळा काढला. तुला आधी वेगळं बिऱ्हाड करायचं होतं, मी गाळा काढला. आणि तिसऱ्या एका वेळी काढला, जिच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण शाहीन चांगली मुलगी आहे आणि झालं ते तिच्याआधी झालं. तू दर वेळी मान खाली घातलीस. मला वाटायचं, चांगला मुलगा आहे. आता कळतं, तू मोजत होतास.

त्याबद्दल मी माफी वगैरे मागत नाही. मागितली तर तुलाच कळणार नाही ती कुठे ठेवायची. मी फक्त एवढं विचारते की माझ्या तोंडाची शिक्षा पोरीला का? तोंड माझं, मला बोल. येऊन दुकानात उभा राहा आणि चार लोकांसमोर बोल, मी तुला उत्तर देते की नाही बघ. पण तुला ते जमत नाही. आईला बोलता येत नाही म्हणून मुलीची फी अडवायची आणि त्याला तत्त्व म्हणायचं. तुझ्या अब्बांना तत्त्व हा शब्द माहीत नव्हता, म्हणून बिचाऱ्यांनी फी भरली.

हे सगळं माझ्या डोक्यात होतंच, तरी मी पत्र लिहिणार नव्हते. काल जे झालं त्याने लिहायला बसवलं. नारायण पेठेतल्या श्यामलाताई तुला आठवत असतील. शाळेच्या ऑफिसात होत्या, आता निवृत्त आहेत. लग्नाच्या चुड्यापासून त्यांनी आपल्याकडेच बांगड्या भरल्या. अब्बांपुढे पैसे ठेवून वाकून नमस्कार करायच्या, अब्बा आपले संकोचून ‘असू दे, असू दे’ करायचे. मला ती रीत फार आवडते, गोड आहे म्हणून नाही. पैसे दिले, नमस्कार केला, उठून गेलं, विषय संपला. दिलेलं घेतलेलं तिथल्या तिथे मिटतं. पोरांच्या बाबतीत अशी काही रीत कुणी काढली नाही, तिथेच घोळ झाला.

तर श्यामलाताई श्रावण तोंडावर आला म्हणून हिरव्या बांगड्या भरायला आल्या. त्यांच्या मिस्टरांचं, श्रीनिवासरावांचं, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. अजून दवाखान्यातच आहेत. मी मागे माल काढत होते. नसीम म्हणाली, दादी, मी घेते, आणि मीही मूर्ख, घे म्हटलं. बाहेर येऊन बघते तर तुझ्या मुलीने श्यामलाताईंच्या दोन्ही हातांतल्या जुन्या बांगड्या साबण लावून सगळ्या उतरवलेल्या. सगळ्या. दोन्ही हात ओकेबोके. आणि ही शांतपणे मापाची खोकी शोधते आहे! अरे, मणियाराच्या घरात रांगणारं पोरही हे जाणतं. शेवटची जुनी बांगडी उतरवायच्या आधी नवी एक चढवायची, सवाष्णीचा हात एक क्षणही उघडा ठेवायचा नाही. तिला कोण सांगणार? तू तिला या दुकानाचा वास लागू दिला नाहीस, कपड्यांना लाखेचा वास येतो म्हणायचास. दुकानात आणखी तीन बायका होत्या. श्यामलाताई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मी नवरीचा पाहिला आहे, बाळंतिणीचा पाहिला आहे, असा कधी पाहिला नव्हता. नवरा दवाखान्यात, आणि इथे हात असे.

मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, तुला चाल पाठ आहे. बोलता बोलता हाताला येईल ती बांगडी त्यांच्या हातात सरकवली, मापाची होती का नव्हती देव जाणे. नसीम भिंतीला टेकून उभी. रडली नाही. पांढरी पडली आणि म्हणाली, मला माहीत नव्हतं, मला कुणी सांगितलं नाही. श्यामलाताईंनी चष्मा पुसला. मला म्हणाल्या, बानूबाई, पुरे. आमचे हे चिवट आहेत, त्यांना एवढ्याने काही होत नाही. पण या मुलीला तुम्ही आधी कॉलेजात घाला, म्हणजे निदान पेठेतले बाकीचे नवरे वाचतील.

बायका हसल्या. मीही हसले. नसीम हसली नाही. श्यामलाताईंनी पुढे बांगड्या मुद्दाम तिच्याकडूनच भरून घेतल्या, दोन वाढल्या तरी हात मागे घेतला नाही. आणि शेवटी पैसे ठेवून, रीतीप्रमाणे, त्या तुझ्या अठरा वर्षांच्या मुलीपुढे वाकल्या. पोरगी घाबरून मागे सरली आणि म्हणाली, नको, मला नको, माझ्यावर काही देणं नका ठेवू. बघ, रज्जाक. तू तिच्यावर ओझं नको म्हणतोस ना? तू काही दिलं नाहीस तरी ते तिच्या खांद्यावर बसलेलंच आहे. कुणी वाकलं तरी तिला देणं वाटतं. हे तुझ्याकडून आलं, आणि तुझ्याकडे कुठून आलं ते आपण दोघं जाणतो.

काल संध्याकाळी मी तिला पायरीवर बसलेली पाहिली. झाकणावर रेघा मारत नव्हती. नुसती बसली होती, काचांनी कापलेले आपले हात उलटे मांडीवर ठेवून. ते पाहून मला तुझाच राग आला. पोरीच्या हातातलं सगळं तू आधी उतरवून घेतलंस आणि म्हणतोस, आता नव्या तुझ्या तू चढव. तिने काल जी चूक केली ती अडाणीपणाने केली. तू तीच चूक इंजिनिअर होऊन केलीस.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते, नीट वाच. फी भरायची मुदत सोमवारपर्यंत आहे. ती तू भरायची, पाचही वर्षांची, आणि नाव माझं सांगायचं. माझ्या सोन्याच्या पाटल्या मी आज सकाळी साबण लावून काढल्या आणि नसीमला सांगितलं की विकल्या. तिने माझ्या मनगटांकडे पाहिलं आणि या खेपेला मात्र रडली. विकलेल्या नाहीत. का विकू? एका वर्षाच्या फीपुढे त्या जायच्या नाहीत, आणि बाप धडधाकट कमावता आहे. तुला भीती ही की पैसे भरले की तू तिला ऐकवत बसशील. मग ते काम माझ्याकडे दे. मला त्याची सवय आहे आणि माझ्यासारखं ते तुला जमणारही नाही. मी तिला रोज पाटल्यांवरून बोलेन, नापास झाली तर दुप्पट बोलेन, आणि ती मला मनातून शिव्या देईल. माझी किती वर्षं उरली? मी गेले की देणं माझ्याबरोबर कबरीत जाईल, आणि तुझ्या माझ्यात जे राहिलं ते त्याच्या आधीच मिटलं असं समज. गाळा वसूल झाला, रज्जाक. पुरेपूर झाला, तुझ्याकडे माझी काही बाकी नाही. पाटल्या वरच्या खोलीत, तांदळाच्या डब्यात तळाशी आहेत. मला पुरून आलात की त्या नसीमच्या हातात घाल, आणि तिने काही विचारलं तर तुझ्या अब्बांसारखा गप्प राहा. सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीस तर मंगळवारी मी खरोखर सराफाकडे जाईन, आणि मग मरेपर्यंत ओक्या हातांनी तुझ्या खराडीच्या फ्लॅटच्या दारात येऊन बसेन. लिफ्टचं बटण आता मला कळलं आहे.

तुझीच, दुसऱ्या कुणाला मी परवडणार नाही म्हणून,
अम्मी
(हुस्नबानू)